लॅपटॉपला कुलूप

बाजाराचा दिवस होता. केंद्रात गर्दी ओसरली होती आणि मी डबा उघडणार तेवढ्यात एक बाई आत आली. हातातली भाजीची पिशवी तिने खाली ठेवली नाही, बाकावर बसलीही नाही. उभ्या उभ्याच माझ्या टेबलावरच्या लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाली, "याच मशीननं माह्या पोरीचं जुळलेलं लगन मोडलं."

मी तिला ओळखत होते. तिच्या मुलीचं रक्त आम्हीच तपासलं होतं.

मी एका छोट्या संस्थेच्या सिकलसेल केंद्रात समुपदेशक आहे. गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेड्यापासून पुढे जंगलाच्या अंगाला आमचं केंद्र आहे: दोन खोल्या, एक लॅब आणि समोर मोहाचं झाड. सिकलसेल हा रक्तातला आजार आमच्या भागात घरोघरी माहीत आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि हाडं फुटतील असं दुखतं. पण ज्याच्या रक्तात हा दोष एकाच पालकाकडून आलेला असतो, तो नुसता वाहक. त्याला काही होत नाही. तो धान कापतो, सायकल चालवतो, म्हातारा होतो. नवरा-बायको दोघांच्याही रक्तात हा दोष असला तरच त्यांच्या लेकरांना आजार होण्याची भीती असते. हे समजावून सांगणं हेच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण लग्नाच्या बाजारात 'वाहक' हा शब्द पोचेपर्यंत त्याचा 'रोगी' झालेला असतो, आणि तोही फक्त पोरीच्याच बाबतीत.

या मुलीचं तसंच झालं. केंद्राचा लॅपटॉप पुढच्या खोलीत सगळ्यांसाठी उघडा असायचा. कोणी दहावीच्या निकालाची प्रिंट काढायला यायचं, कोणी आधार कार्डाची. आडगावातलं केंद्र, नाही कोणाला म्हणायचं? त्यातच कुणीतरी तपासणीच्या यादीत तिचं नाव वाचलं. कोणी ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. बातमी मुलाच्या गावी पोचली आणि सुपारी परत आली.

मी काहीतरी बोलायला गेले. तिने हात वर केला.

"आमी तुमाले रक्त देलं बाई," ती म्हणाली, "नाव वाटाले नोतं देलं."

आणि ती निघून गेली. डबा मी तसाच बाजूला ठेवला.

संध्याकाळी आमच्या डॉक्टरांशी बोलले. डॉक्टर साठीचे, शांत, वर्धेकडचे. निम्मं आयुष्य त्यांनी या भागात काढलंय. लॅब सांभाळणारी ताईही होती. ती माझ्याच वयाची, जंगलातल्या गोंड गावातली. गोंडी, मराठी, हिंदी तिन्हींत सारख्याच ठसक्यात बोलणारी. मी तिला ताई म्हणते, ती मला बाई. लॅपटॉप पुढच्या खोलीतून आतल्या कपाटात गेला आणि मी त्याला पासवर्ड घातला. मला वाटलं, झालं.

मग नागपूरला आरोग्य कार्यकर्त्यांचं एक प्रशिक्षण होतं, त्याला मी गेले. शिकवणाऱ्या बाई उंच, केस कापलेल्या, बोलायला एकदम मोकळ्या. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, "कोणाकोणाच्या लॅपटॉपला पासवर्ड आहे?"

मी हात वर केला. जरा तोऱ्यातच.

"आणा इकडे. बंद करून आणा. पासवर्ड सांगू नका."

त्यांनी आपला एक पेनड्राइव्ह लावला, लॅपटॉप सुरू केला, दोनचार कळा दाबल्या. मशीन भलत्याच कुठल्या तरी सिस्टीमवर उघडलं. पासवर्ड कोणी विचारलाच नाही. चहा वाटणारा माणूस अजून मागच्या रांगेपर्यंत पोचला नव्हता, तोवर आमच्या केंद्राचे फोल्डर भिंतीवरच्या पडद्यावर दिसायला लागले. गावांची नावं, वर्षं. बाईंनी आतलं काही उघडलं नाही, लगेच पडदा बंद केला.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "पासवर्ड फक्त पुढच्या दाराला होता. आतला माल उघडाच होता. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली असती तरी हेच झालं असतं."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. जेवता जेवता त्यांनी मला सगळं समजावलं. लिनक्स नावाची सिस्टीम आहे, फुकट मिळते, मराठी चालते. ती टाकतानाच सगळी डिस्क एन्क्रिप्ट करायची, म्हणजे डिस्कवर जे काही लिहिलं जाईल ते सांकेतिक होऊनच लिहिलं जाईल. परवलीचा वाक्यांश दिला तरच अर्थ लागतो, नाहीतर नुसता कचरा. आणि सिक्युअर बूट चालू ठेवायचं.

"ते काऊन?" मी विचारलं. गडबडीत घरची बोली तोंडातून निघाली.

त्या हसल्या. "कारण मशीन सुरू होताना सगळ्यात आधी कोण उठतं, ते ओळखीचं आहे का, हे मशीननं तपासलं पाहिजे. नाहीतर कोणीतरी आपला प्रोग्राम आधी बसवून ठेवील. तुम्ही वाक्यांश टाइप कराल आणि तो चोरेल. सगळे सांगतील की सिक्युअर बूट बंद करा, कटकट असते. करू नका. कटकट सोसा."

त्यांनी लिनक्स भरलेला एक पेनड्राइव्ह दिला आणि आपला फोन नंबर दिला.

परत आल्यावर डॉक्टरांना सांगितलं, तर ते खुर्चीत सरळ बसले. "म्हणजे सगळं पुसून टाकायचं?"

"आधी दुसरीकडे उतरवून घेऊ. मग पुसायचं."

"आणि परवलीचं वाक्य विसरलो तर?"

"तर गेलं. कोणीच उघडू शकत नाही. आपणही नाही."

इतक्या वर्षांचं काम त्या डिस्कवर होतं. कोणतं लेकरू कोणत्या गोळ्यांवर आहे, कोणाला कधी रक्त चढवलं, सगळं. डॉक्टरांची भीती खोटी नव्हती. ताई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "साहेब, तिघंही इसरू काय आपण? तिघांची तीन वाक्यं ठेवता येतीन नाई का?"

मला माहीत नव्हतं. मी केंद्राच्या मागे तलावाच्या पाळीवर गेले, तिथेच काय ती रेंज येते, आणि नागपूरच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, येतात. एकाच डिस्कला वेगवेगळ्या माणसांची वेगवेगळी वाक्यं ठेवता येतात, कुठल्याही एकाने उघडते. हे ऐकल्यावर डॉक्टर म्हणाले, "मग करा." आणि लगेच पुढे, "पण आधी माझ्यासमोर सगळं उतरवून घ्या."

एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळं उतरवलं. डॉक्टरांनी त्यातल्या फाइली स्वतः इथून तिथून उघडून पाहिल्या आणि डिस्क आपल्या कपाटात ठेवली.

मोहफुलांचे दिवस होते. सकाळी सगळी गावं जंगलात असायची, फुलं वेचायला, त्यामुळे केंद्रात शुकशुकाट. अशाच एका सकाळी मी आणि ताई लॅपटॉपसमोर बसलो. पेनड्राइव्ह लावला, मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. त्यातली दुसरी ओळ ताईने अक्षर लावून वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. काहीतरी फारच गंभीर बिघडलं आहे, असं मशीन म्हणत होतं. आम्ही काही करायच्या आत ते आपोआप बंद झालं.

"बाई, अजून त आपण काईच केलं नाई," ताई म्हणाली.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. त्या आठवड्यात बाजारातल्या कॉम्प्युटर दुकानदाराला सहज विचारलं. त्याने मान वर न करता सांगितलं, "सिक्युअर बूट बंद करा. आमी सगळे बंदच करून देतो. बंद केलं का मशीन मुकाट्यानं ऐकते."

मुकाट्याने ऐकणारं मशीन मला नकोच होतं. कोणाचंही ऐकायचं, हाच तर त्याचा दोष होता. मी पुन्हा पाळीवर जाऊन नागपूरला फोन केला. बाई फोनवर चक्क आनंदल्या.

"अहो, हे चांगलंच आहे! तुमचं मशीन जागं आहे. पेनड्राइव्हवरची आवृत्ती माझ्याकडे जुनी पडून होती. तिच्या सुरुवातीच्या प्रोग्राममध्ये नंतर एक भोक सापडलं, म्हणून सिक्युअर बूट तपासतं ती तिच्यावरची ओळखीची सही आता चालत नाही. नवी उतरवून घ्या. आणि उतरवलेली फाइल खरी आहे का ते ताडून बघा."

नवी फाइल एवढी मोठी की आमच्या पाळीवरच्या रेंजने ती उतरवायला पावसाळा उजाडला असता. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि एसटीने गडचिरोलीला गेले. तिथल्या एका कॅफेत नोकरीचे अर्ज भरणाऱ्या पोरापोरींमध्ये जागा मिळाली. फाइल उतरली. लिनक्सच्या संस्थळावर तिच्यासाठी दिलेली अक्षरांची एक भलीमोठी माळ होती, आणि उतरवलेल्या फाइलची माळ मशीनने काढून दिली. दोन्ही जुळल्या पाहिजेत असं बाईंनी बजावलं होतं. परतीची गाडी निघायची वेळ होत आली होती. तरी मी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. शेजारची मुलगी विचारायला लागली, "मॅडम, हा कोणता फॉर्म व्हय?" मी म्हटलं, "फॉर्म नाई व. खातरी करून राह्यली." माळा जुळल्या. मी तिथेच नवा पेनड्राइव्ह तयार करून घेतला आणि पळत स्टँड गाठला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बसलो. या वेळी मशीनने काही कुरकुर केली नाही. सिक्युअर बूट चालू होतं आणि पडद्यावर नवी सिस्टीम उभी राहिली, निळसर, स्वच्छ. ताईने टाळी वाजवली. मी पुढे पुढे जात गेले. भाषा, कळफलक, वेळ. मग तो प्रश्न आला: संपूर्ण डिस्क पुसून टाकायची का? मी डॉक्टरांना हाक मारली. ते पेशंट सोडून आले, चष्मा वर केला, वाचलं.

"कपाटातली डिस्क पाहिली होती ना आपण?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच पाहिली होती."

"हो. मीच पाहिली होती." त्यांनी मान हलवली. "करा."

एन्क्रिप्शनच्या चौकटीत मी खूण केली, माझं वाक्य घातलं, पुन्हा घातलं आणि बटण दाबलं. रेघ पुढे सरकायला लागली. अर्ध्यावर आली असेल नसेल, पंखा हळू झाला आणि थांबला. लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, तिने थोडा वेळ जीव धरला आणि पडदा काळा झाला.

जुनी सिस्टीम पुसली गेली होती, नवी आली नव्हती. त्या काळ्या पडद्यात मला माझंच तोंड दिसत होतं. कपाटात सगळं आहे हे माहीत असूनही मला भाजीची पिशवी घेऊन आलेल्या त्या बाईचा वर केलेला हात दिसायला लागला, आणि डॉक्टरांना आता काय सांगावं ते सुचेना.

ताई मात्र उठलीच. तिने लॅपटॉप उचलला, चार्जर उचलला आणि लॅबमध्ये घेऊन गेली. लॅबमध्ये रक्ताच्या नमुन्यांच्या फ्रिजसाठी इन्व्हर्टर आहे. त्या फ्रिजशेजारी, परीक्षानळ्यांच्या स्टँडांमध्ये तिने जागा केली आणि म्हणाली, "हे आधीच सुचाले पायजे होतं. चाला, पयल्यापासून."

पहिल्यापासून केलं. या वेळी रेघ शेवटपर्यंत गेली. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि एका साध्या पडद्यावर त्याने डिस्क उघडण्याचं वाक्य मागितलं. मी टाइप केलं. चूक. पुन्हा टाइप केलं. चूक. वाक्य मला पाठ होतं, लहानपणी गोंडपिपरीला आमच्या शेतात मी आणि माझा भाऊ जे ओरडत पाखरं हाकलायचो, त्यातलंच काही होतं. ते मी विसरणं शक्यच नव्हतं. तिसऱ्यांदाही चूक.

"थांबा वो बाई," ताई म्हणाली. "हा लहान दिवा काऊन लागून आहे?"

कॅप्स लॉक. दिवा घालवला, वाक्य टाइप केलं आणि मशीन उघडलं.

एक खोडी अजून राहिली होती. वायफाय चालेना. त्या मशीनच्या वायफायला बाहेरून एक प्रोग्राम लागत होता आणि सिक्युअर बूट त्याला आत घेईना, कारण त्यावर ओळखीची सही नव्हती. पाळीवर जाऊन तो प्रोग्राम मोबाइलवर उतरवला आणि केबलने लॅपटॉपवर आणून बसवला. त्याची सही मशीनला ओळखीची करून द्यायची होती. त्यासाठी सिस्टीमने एक तात्पुरता पासवर्ड मागितला आणि मशीन पुन्हा सुरू करायला सांगितलं. सुरू केलं, तर एक निळा पडदा आला. मी चष्मा पुसून वाचायला घेईपर्यंत तो निघून गेला. वायफाय बंदच. म्हणजे तो पडदा म्हणजेच परवानगी द्यायची जागा होती आणि आम्ही ती हुकवली होती. सगळं परत केलं. या वेळी ताई कळफलकावर बोटं ठेवून, भात शिजला की नाही बघायला झाकण उचलतात तशी वाकून बसली. निळा पडदा येताच तिने कळ दाबली. सही दाखल करायची का? हो. पासवर्ड? घातला. नक्की? नक्की. मशीन पुन्हा उठलं आणि वायफायची खूण उजळली.

ताई लॅबमधून ओरडली, "साहेब! झालं!" बाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्याला वाटलं त्याचा रिपोर्ट आला. तो उठून आत आला, तर ताईने त्यालाच दोन्ही हात जोडून "जोहार दादा, जोहार!" केला. म्हाताऱ्याला काही कळलं नाही, पण तोही खुशीत जोहार करून परत जाऊन बसला.

त्यानंतर ताईचं वाक्य घातलं, ते गोंडीत होतं. मग डॉक्टरांचं. डॉक्टर ते रोज सकाळी चहाआधी एकदा टाइप करून बघायचे. कपाटातल्या डिस्कवरचा सगळा माल परत लॅपटॉपवर आणला आणि बाहेरची डिस्कही तशीच कुलूपबंद करून पुन्हा भरली. मशीनच्या सेटिंगलाही पासवर्ड लावला, म्हणजे कोणी परभारे सिक्युअर बूट बंद करू नये. प्रिंटा काढणाऱ्यांसाठी संस्थेने एक जुना कॉम्प्युटर पुढच्या खोलीत ठेवला. त्यात आमचं काहीच नव्हतं.

पावसाळा गेला. धान निसवून लोंब्या धरायच्या सुमाराला एक गृहस्थ केंद्रात आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गावात वजन असलेला माणूस. त्यांच्या भाच्यासाठी एका मुलीचं स्थळ चाललं होतं. मुलगी कोणत्या गावची ते त्यांनी सांगितलं. मी तिला ओळखत होते. नर्सिंग शिकलेली, बोलायला धीट मुलगी.

"बाई, फक्त एवढं पाहून सांगा, त्या पोरीचं नाव तुमच्यात आहे का नाई," ते म्हणाले. "हो का नाई, एवढंच."

"भाऊ, ते मी कोणाचंच सांगत नाई. तुमचं विचारलं तरी सांगणार नाई."

"पयले त सर्वेच पाहत होते."

"पयले पाहत होते. आता नाई."

ते हसले, चहा प्यायले, आणि गेले. मला वाटलं, विषय संपला.

थोड्या दिवसांनी लॅपटॉपच्या काही कळा बसेनाशा झाल्या. मी तो बाजारातल्या त्याच दुकानदाराकडे कळफलक बदलायला दिला. तालुक्यात दुसरा कोणी नाही. त्याने पासवर्ड मागितला.

"कळा चालतात का तेवढं पाहायला पासवर्ड कशाले लागते?" मी म्हटलं. "तो पडदा येईल, त्यावर दाबून पाहा."

परत आणायला गेले तर दुकानात स्टुलावर ते पांढऱ्या शर्टातले मामा बसले होते. समोर चहा. माझा लॅपटॉप टेबलावर, पाठ उघडलेली, डिस्क बाहेर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला वायरने जोडलेली. मला बघून दुकानदार उभाच राहिला.

मी टेबलाजवळ जाऊन त्याच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे एक चौकट होती: ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का?

"बाई, काय करून ठेवलं हे?" दुकानदार म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता की कौतुक, मला अजून सांगता येत नाही. "माहा पेनड्राइव्ह लावाले गेलो त सेटिंगले पासवर्ड. डिस्क काढून लावली त आत काईच नाई. नाव नाई, फाइल नाई, काई म्हणता काई नाई. कोणी करून देलं? नागपूरवाल्यानं?"

"मी केलं," मी म्हटलं. "मी आणि आमच्या लॅबच्या ताईनं."

त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला.

मी मामांकडे वळले. मनात पुष्कळ काही आलं होतं, रागाने कान तापले होते. पण स्टुलावरच्या त्या माणसाचा चेहरा इतका पडला होता की मी आवाज चढवला नाही. "भाऊ, यात तुमच्या घरचंही कोणाचं नाव असू शकते," मी म्हटलं. "तुमच्या बहिणीचं, तुमच्या पोरीचं. ते कोणाले असं स्टुलावर बसून पाहता आलं असतं, त चाललं असतं का तुमाले?"

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. दुकानदाराने डिस्क जागच्या जागी बसवली, स्क्रू लावले आणि मशीन सुरू करून दिलं. मी त्या दोघांकडे पाठ करून, पडदा अंगाआड करून वाक्य टाइप केलं. सगळं जागेवर होतं. मजुरी देऊन मी बाहेर आले. भाजीवाल्यांच्या रांगेतून चालताना मला खरंच नाचावंसं वाटत होतं. केंद्रात आल्यावर ताईला सांगितलं, तर ती त्या दुकानदाराची नक्कल मला पुन्हा पुन्हा करायला लावत होती: "काई म्हणता काई नाई!"

पण खरी गोष्ट त्यानंतर झाली. एका सकाळी ती नर्सिंगवाली मुलगी केंद्रात आली. सोबत मामांचा भाचा. गडचिरोलीला कुठेतरी नोकरी करणारा, अबोल पोरगा. मुलगी माझ्यासमोर बसली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सरळच बोलली.

"बाई, याच्या मामानं लय धडपड केली म्हणे. मी ऐकलं. कोणाले काई भेटलं नाई, तेही ऐकलं. आता मी सांगतो. माहा रिपोर्ट उघडा. याच्यापुढं."

"नक्की?" मी विचारलं. "तू सांगितल्याशिवाय कोणाला कळणार नाही. कधीच."

"म्हणूनच त सांगाचं आहे," ती म्हणाली. "लपवून लगन नाई कराचं मले. पण दुसऱ्याच्या तोंडूनही नाई जायाले पायजे. माहं आहे, त मी सांगीन."

मी लॅपटॉप उघडला, वाक्य टाइप केलं, तिची फाइल काढली आणि पडदा फक्त तिच्याकडे वळवला. तिने वाचलं. मग स्वतःच्या हाताने लॅपटॉप पोराकडे फिरवला.

"मी वाहक आहो," ती त्याला म्हणाली. "आजारी नाई. वाहक."

पोराने वाचलं, तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग माहंही रक्त पाहा ना," तो म्हणाला. "निस्तं तिचंच काऊन पाह्याचं?"

इतक्या वर्षांत मुलाकडच्या कोणी हे वाक्य आपणहून म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. दारात उभ्या ताईने तर त्याचा दंड धरून त्याला लॅबमध्येच नेलं. तपासणी होईपर्यंत दोघं मोहाच्या झाडाखाली बसून राहिले. मी खिडकीतून पाहत होते. ती काहीतरी सांगत होती, तो काडीने जमिनीवर रेघा ओढत ऐकत होता.

ताईने रिपोर्ट आणला. पोराच्या रक्तात दोष नव्हता. मी दोघांना समोर बसवलं आणि माझं रोजचं बोलणं बोलले. मात्र त्या दिवशी माझा आवाज रोजच्यासारखा राहिला नाही. तुमच्या लेकरांना हा आजार होणार नाही, मी म्हटलं. काही लेकरं आईसारखी वाहक होतील, काही होणारही नाहीत. त्यांनीही मोठं झाल्यावर लग्नाआधी तपासून घ्यायचं, एवढंच.

मुलगी रडली नाही. तिने मोठा श्वास सोडला आणि हसत पोराला म्हणाली, "झालं? आता मामाले सांगजो."

"सांगतो ना. आजच सांगतो."

त्याने सांगितलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण लग्नाचं निमंत्रण द्यायला मामा स्वतः केंद्रात आले. डॉक्टरांना, मला आणि ताईला वेगवेगळं निमंत्रण, अक्षता हातावर ठेवून. लॅपटॉप टेबलावर बंद होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. जाताना दारात थांबले.

"बाई," ते म्हणाले, "माह्या घरच्या पोरीले घेऊन येतो तपासाले. पुढच्या बाजारी. चालन ना?"

"या भाऊ," मी म्हटलं. "दोघांनाही घेऊन या, पोरगी आणि पोरगा."

लग्नाला आम्ही तिघंही गेलो. नव्या तांदळाचा भात होता, भाजी झणझणीत होती, वाजंत्री कानठळ्या बसवणारी होती. नवरीने हार घालताना मंडपात इकडेतिकडे बघत आम्हाला शोधलं आणि मान उंचावून हसली. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. ताईने माझा हात धरून मला वाजंत्रीपुढे ओढलं. मी आधी नाही नाही म्हणत राहिले, आणि मग नाचले.